हारानंतरचा चढ

फार मागे डोंगराकाठच्या एका चर्चच्या पाळकांकडे पाखऱ्या नावाचा घोडा होता. जत्रेतल्या शर्यतीसाठी तो रोज पहाटे पाळकांबरोबर घाट चढला, बांधावरच्या कोवळ्या गवताला त्याने तोंड लावलं नाही, आणि पहिला आला. गळ्यात झेंडूचा हार पडला. मग मात्र तो खात सुटला, आणि पाळकांनीही पहाटेचा घाट सोडला.

पुढे डोंगरावरची करुणाबाई अत्यवस्थ झाली. तिने प्रार्थनेसाठी पाळकांना बोलावलं. पण त्यांना पाठीवर घेऊन निघालेल्या पाखऱ्याला अर्ध्या चढावरच धाप लागली. ते पोचले तेव्हा तिचे डोळे मिटले होते.

परतताना पाखऱ्या म्हणाला, "धनी, चूक माझी."

"हारासाठी आपण दोघांनीही मन आवरलं," पाळक म्हणाले, "प्रभूच्या कामासाठी नाही आवरलं."

दुसऱ्या दिवशी ना शर्यत होती, ना बघणारं कोणी. तरी उजाडायच्या आत दोघे घाटाला लागले.