मुक्या तळ्याचा पडदा

पाहुणे मंडळी, तळ्याच्या काठावर हे दोन दगडी खांब दिसतात ना, त्यांना टेकू नका. आज दिवेलागणीला त्यांच्यामध्ये पांढरा पडदा ताणतील. त्यावर चित्र पडत नाही. वाजवणारे पडद्याकडं पाठ करून बसतात आणि वाजवतात ते ना धड गोंधळ, ना धड लावणी, ना धड वरात. शहरातून येणारी पोरं त्याला कसलीकसली नावं देतात, देऊ देत. माझं सांगणं एवढंच की वाजत असताना तुमच्या नावानं हाक आली तर ओ देऊ नका. आईच्या आवाजात आली तरी नाही.

असं सांगतात की फार पूर्वी, पडद्यावरची चित्रं हलत पण बोलत नसत त्या काळात, एक तंबूवाला बैलगाडीतून यंत्र घेऊन इथल्या जत्रेला आला. चित्रातली माणसं नुसते ओठ हलवत, म्हणून तो ज्या गावी जाई तिथलेच वाजवणारे पडद्यापुढं बसवी. इथं त्याला तिघे मिळाले. तमाशातला पेटीवाला, वरातीतला क्लॅरिनेटवाला आणि संबळ वाजवणारा अंबादास गोंधळी. पुरुष पडद्यापुढं बसले, बाया मागं, तळ्याच्या बाजूला. त्यांत अंबादासची बायको गोजरा होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जात्यावर ती गायला लागली की शेजारणी आपलं जातं थांबवत, असा तिचा गळा.

चित्र होतं आसरेचं, पाण्यात राहून बायांना नावानं बोलावणाऱ्या आसरेचं. मोकळ्या केसांची ती बाई पाण्यातून वर आली आणि इथंच अंबादास चुकला. गोंधळ्याचा हात तो! देवता दिसली की आवाहन वाजवायचं, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक. ‘गोंधळाला ये’ म्हणताना जो ठेका धरतात, तोच त्यानं धरला.

म्हणे पडद्यावरची ती थांबली. यंत्राचा दांडा फिरत होता, मागची झाडं हलत होती, हिचा पदरसुद्धा हलत नव्हता. तिनं मान वळवून अंबादासकडं पाहिलं. मग ओठ हलवले. पुढं बसलेल्यांना काही ऐकू आलं नाही. पडद्यामागून मात्र गोजराचा आवाज आला, "ओ! आले, आले."

ती उठली आणि सरळ पाण्याकडं निघाली. बायांनी तिचे हात धरले, तर ते माठासारखे ओले आणि गार. कुणाच्यानं धरवेना. तंबूवाल्यानं घाबरून दिवा विझवला, तरी चित्र गेलं नाही.

अंबादासला आपली चूक उमगली. बोलावलेल्या देवतेला निरोप द्यायचा तर गोंधळ पुरा होऊन आरती व्हावी लागते, आणि गोजरा तर कमरेइतक्या पाण्यात पोचली होती. तो ओरडला, "वाजवा रं! आपापलं वाजवा, पन कुनीबी पुरं करू नगा! पुऱ्या सुरात वाट गावली तर आसरा न्हेईल गोजराला!"

पेटीवाल्यानं लावणी धरली, क्लॅरिनेटवाल्यानं वरात. आसरा एका सुराकडं वळे तोच तो तुटे आणि दुसरा लागे. तिला वाट सापडेना, आणि गोजरा पाण्यात जागच्या जागी उभी राहिली. वाजवून वाजवून क्लॅरिनेटवाल्याचे ओठ फुटले.

शेवटी अंबादास नवस बोलला, "आई, चूक माजी हाय. दरसाल तुज्यासाटी मोकळा पडदा ताणीन, माजा वंश वाजवील. माजी बायकू परत दे."

पडदा पांढरा झाला. गोजरा काठावर आली. नवऱ्यानं हाक मारली, "गोजरा?" तिनं ओ दिली नाही. माणूस परत मिळालं, आवाज आसरेनं ठेवून घेतला. पुढं गोजरानं चार लेकरं वाढवली, टाळ्या वाजवून हाका मारत. मी तिचाच पणतू. आमच्या गावात अजून कुणी हाकेला ओ देत नाही, टाळी देतो.

आजही पडदा ताणला जातो, सूर अर्ध्यावर तोडले जातात. आणि मध्येच कधीतरी पाण्याकडून एका तरण्या बाईचा आवाज येतो, "ओ! आले, आले." आम्ही वाजवता वाजवता मान लववतो. कारण आसरा दरसाल कुणातरी बाईचं नाव घेतेच. कुणाचं, ते जिला हाक येते तिलाच ऐकू येतं, आम्हाला नाही. त्या बाईच्या आधी आमची गोजरा ओ देते, म्हणून ती वाचते.

गेल्या साली तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. म्हणून यंदा बायांना आम्ही पडद्यापुढं बसवणार आहोत. ताई, तुम्हीही पाण्याजवळ थांबू नका, अशा इकडं या.