छबूचा दोरा

"हिला दोरा का सोडू द्यायचा, बाबा?"

मथुरा हातात झाडू घेऊन दर्ग्याच्या जाळीपुढं वाट अडवून उभी होती. इच्छा पुरी झाली की ज्यानं त्यानं आपला दोरा आपल्या हातानं सोडायचा, ही तिथली रीत. छबू सोडायला आली होती.

"का नको?" फकीरबाबांनी विचारलं.

"बरी कुणामुळं झाली, विचारा की तिलाच."

छबूनं लपवलं नाही.

"तालुक्याच्या त्या मनाचा इलाज करणाऱ्या बाईंमुळं, बाबा. दर मंगळवारी जाते. दोन वर्षं अंथरूण सोडलं नव्हतं मी, दोरा बांधायला इथं धरून आणलं तेवढंच. पोरं शेजारी जेवायची."

"काय केलं त्यांनी?"

"पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं. मी रडले, तर गप्प बस म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, हा आठवडा रोज फक्त दात घासायचे. बाकी काही नाही झालं तरी चालेल."

मथुरा फिसकन हसली. "दात घासायला डॉक्टरीण लागते बाईला."

"लागली. तेवढंही होत नव्हतं माझ्यानं."

"मग त्यांच्याच खुर्चीला बांधायचास दोरा. इथं कशाला आलीस मिरवायला?"

"तिला तिकडं मीच पाठवलं," बाबा म्हणाले.

मथुराचा चेहरा पडला.

"तुम्ही?"

"मी."

"...हिला पाठवलंत."

मथुरा बाबांपुढं सरकली.

"दोरा बांधून वर्ष झालं नाही, तिला पाठवलंत. मी नऊ वर्षं इथं झाडते. मला नाही पाठवलं."

"तुला काय होतंय, मथुराबाई?" छबूनं विचारलं.

"तू बोलू नकोस." मथुराचा आवाज फाटला. "घरी काही कमी नाही माझ्या. नवरा धड, पोरगी धड. तरी घास तोंडात फिरतो. पहाटे उठून इथं येते, कारण घरात बसलं की आडाकडं पाय वळतात. सांगू कुणाला? हिला काय धाड भरलीय, म्हणतील."

ती बाबांकडं वळली.

"मी झाडत होते, म्हणून बरी वाटले तुम्हाला?"

बाबांनी मान खाली घातली.

मग ते उठले. मथुराच्या हातातला झाडू काढून घेतला.

"मंगळवारी हिच्याबरोबर जा. इथलं मी झाडतो."