दगडाखालचा धनी

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी तिथे हजर होतो. आता तिथे दोनच गोसावी होते आणि त्यांतला एकही मी नव्हतो, ती गोष्ट वेगळी.

"मग गादी माझी की नाही, एवढंच सांगा."

शिवराजगिरीने मठाच्या ओट्यावर मांडी ठोकून विचारलं. गुरू केवळगिरी महाराज थकले होते. नजर शाबूत, गुडघे गेलेले. वारस मात्र अजून नेमलेला नव्हता.

शिवराजने आपली कामगिरी ऐकवली. जमिनीवर हक्क सांगत आलेले गोसावी त्याने पिटाळले होते. ओढ्यापासून टेकाडापर्यंत दगडी गडगा घातला होता. परक्या साधूला तो मठाच्या सावलीलाही टेकू देत नसे. असा राखलेला दुसरा मठ या डोंगरात दाखवा, म्हणाला, जटा उतरवून ठेवतो.

"राखलास खरा," महाराज म्हणाले. "आलं कोण?"

"येईल कोण? छाती लागते."

महाराज उठले. काठी टेकत ओढ्याकाठच्या झाडीत गेले. शिवराज मागोमाग.

तिथे शेवाळलेला एक रुंद दगड होता आणि दगडाखाली एक सॅलॅमँडर. दिसायला पाल, जातीने बेडकाचा भाऊबंद, अंग सदा ओलं. दाराशी त्याने आपल्या लेंड्या टाकून हद्द आखली होती.

दुसरा एक नर हद्दीत शिरला. धन्याने चारी पाय ताठ केले, अंग उचललं, झेप टाकली. पाहुणा शेपटीचा तुकडा तिथेच टाकून पळाला.

शिवराजची छाती वीतभर फुगली. "बघा, महाराज. याला म्हणतात राखण."

"हं..."

मग मादी आली. लग्नघरी मानाची पाहुणी यावी तशी, सावकाश. नराने मान उंचावली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक लेंडी नाकाने मातीवर दाबली, पसरली, हुंगली.

शिवराजने तोंड फिरवलं. हा काय गलिच्छपणा, म्हणाला.

"हा आत काय खातो, ते बघतेय," महाराज म्हणाले. "सकस वाळवीवर पोसलेला निघाला तर थांबेल. नुसत्या मुंग्याच निघाल्या, तर..."

मादी वळली आणि गवतात शिरली.

"मूर्ख आहे," शिवराज म्हणाला. "सबंध ओढ्यात असा दगड नाही."

"दगड तिला दिसला की."

...

धनी हद्दीवरून एक फेरी मारून आला. समोर कुणीच नव्हतं. तरी त्याने चारी पाय ताठ केले.

शिवराजने त्या ताठ पायांकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाला, "महाराज, मी मुंग्या खात नाही."

महाराजांनी खांद्यावरची भगवी छाटी काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली.

"गादी तुझी."

अर्धं आयुष्य ज्याची वाट पाहिली, ते असं ओढ्याकाठी, चिखलात उभं असताना मिळालं. शिवराजची मान आपोआप ताठ झाली. त्याने छाटीची चुणी सारखी केली, पदर नीट पाठीवर घेतला. नमस्काराला वाकायचं राहिलं, हे ध्यानात येऊन तो वळला, तर महाराज, मादी शिरली त्याच गवतातून, चढाला लागलेले.

"महाराज, मठ इकडे राहिला."

आता कबूल करतो: सह्याद्रीत सॅलॅमँडर नसतो. तो मी सातासमुद्रापलीकडच्या एका जंगलातून, लेंड्यांसकट, उचलून इथे आणून सोडला. पण महाराज मागे न वळता जे बोलले, त्यात माझा एक शब्द नाही.

"मठ तू सांभाळ. ती कुणाकडे गेली, तेवढं बघून येतो."