गीर, लाल कंधारी आणि ओढलेला रुमाल

बालाघाटाच्या माळावर, जिथं विहिरीचं पाणीसुद्धा खारट लागतं अशा एका गावात, एक शेतकरी आणि त्याची बायको राहत होती. शेत दोनच एकर, तेही कोरडवाहू. त्यांची म्हातारी गाय दगावली. तूर विकून हाती आलं होतं ते एका गायीपुरतं. नवी गाय निवडताना चूक झाली असती, तर पुढची तीन वर्षं दारात गाय दिसली नसती आणि घरातल्या दोन लेकरांना दूध-ताकही मिळालं नसतं.

"या खेपेला गीरच आणायची," शेतकरी म्हणाला. "दारात उभी राहिली की सगळं गाव बघत राहील."

"गाव बघेल हो, पण ती खाईल काय?" बायकोनं विचारलं.

"तुला जातिवंत जनावरातलं काय कळतं?"

बाजाराला निघताना बायकोनं घरच्या ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोक्यावर घेतली आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेली घागर कमरेवर.

"हे काय सोंग? बाजारात कडबा मिळत नाही का?"

"मिळतो. आपला मिळत नाही."

शेतकऱ्याला इतकी लाज वाटली, की तो साऱ्या वाटेनं वीस पावलं पुढं चालला.

बाजारात लिंबाखाली एक गीर उभी होती. तांबूस अंग, फुगीर कपाळ, गुंडाळलेल्या पानासारखे लांब कान, शिंगांना तेल. कास तर अशी टम्म की बघणाऱ्याचे डोळे तिथंच अडकावेत. बाजूला तिचं वासरू, तोंडाला मुसकं बांधलेलं.

"या पाटील!" व्यापारी म्हणाला. "लांबून बघूनच ओळखलं, जाणकार माणूस येतोय."

दोन एकरवाल्याला कुणी पाटील म्हणालं की झालं! शेतकरी तिथंच विरघळला.

बायकोनं पेंढी सोडून गीरपुढं टाकली. गीरनं हुंगलं आणि मान फिरवली. घागरीतलं पाणी तिथल्याच घमेल्यात ओतून पुढं केलं. गीरनं ओठ बुडवले आणि फुर्रकन पाणी उडवून दिलं.

माणसं हसायला लागली. "वहिनी, हिला हिरवा घास आणि सरकी लागते," व्यापारी म्हणाला. "हा कडबा तुम्ही पाटलांनाच घाला!"

बायकोनं हसणाऱ्यांकडं पाहिलंही नाही. तिनं गायीच्या कासेला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. कास तव्यासारखी तापली होती. मग कुणाला काही कळायच्या आत तिनं वासराचं मुसकं काढून टाकलं.

वासरू धावत येऊन कासेला लागलं. गीर वेदनेनं थरथरली, तरी आईच ती, तिनं पान्हा सोडला. बायकोनं दुसऱ्या सडाखाली ओंजळ धरली. दुधाची धार गुलाबी होती.

"रक्त!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दोन दिवस पिळली नाहीस हिला?" बायको व्यापाऱ्यावर कडाडली. "कास मोठी दिसावी म्हणून लेकराचं तोंड बांधलंस? तुझ्या आईनं तुला असंच वाढवलं का रे?"

व्यापाऱ्याला तोंड वर करता येईना. आता नवऱ्याचे डोळे उघडले असतील, असं समजून बायको उरलेली पेंढी आणि घागर घेऊन पुढं गेली. एका कोपऱ्यात एक म्हातारा लाल कंधारी गाय घेऊन बसला होता. लहानखुरी, तांबडीलाल, ना तेल ना घुंगरू. तिनं कडबा करकर चावला, खारट पाणी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं आणि आणखी आहे का म्हणून घागरीला तोंड लावलं.

"अहो, सापडली!" म्हणत बायको मागं वळली, आणि जागच्या जागी थिजली.

नवऱ्याचा हात व्यापाऱ्याच्या रुमालाखाली होता.

त्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. रुमालाखाली बोटं धरायची, बोटांवरून किंमत ठरायची, आणि एकदा मूठ दाबली की शब्द दिला. दुसऱ्याचा रुमाल उचलणं म्हणजे भर बाजारात कुणाचं धोतर ओढणं.

रक्ताचं दूध डोळ्यांनी बघितलेला माणूस! घरी दोन लेकरं असलेला माणूस! तरी बोटं देऊन मोकळा व्हायला निघाला होता.

बायको आली आणि तिनं रुमाल खसकन ओढला.

सारा बाजार दगड झाला. उघड्यावर दिसली ती व्यापाऱ्याच्या हातातली नवऱ्याची पाचही बोटं; मूठ दाबायची तेवढी राहिली होती.

"पाच?" शेजारी उभा असलेला एक बागायतदार भडकला. "अरे, मघाशी याच गायीला मला तीन बोटं सांगितलीस! त्याला पाटील म्हणायचे दोन का?"

मग जो गलका उठला, त्यात व्यापाऱ्यानं आधी रुमाल शोधला आणि मग तोंड लपवायला जागा. शेतकऱ्यानं हात पाठीमागं लपवला. बायकोनं त्याच्या कमरेची थैली सोडून घेतली आणि म्हाताऱ्याच्या हातात मोजून दिली. उघड्यावर, सगळ्यांसमोर.

लाल कंधारीनं त्या उन्हाळ्यात, जेव्हा गावात पाचोळाही उरला नव्हता, तेव्हाही दोन वेळचं दूध दिलं. फार नाही, पण लेकरांना पुरेसं.

गीर त्या बागायतदारानंच नेली, तीनही बोटं न देता. वर्षभरानं बातमी आली, की तिची कास बरी झाली आणि ती दोन घागरी दूध देते.

ऐकून शेतकरी उसळला. "बघ! चांगलीच होती की ती!"

"मी कधी वाईट म्हणाले तिला?" बायको म्हणाली. "तिच्याकडं हिरवा मळा आहे आता. आपल्या दारात ती चांगली राहिली नसती, उपाशी मेली असती. आणि तिच्यामागं आपली लेकरं."

शेतकऱ्यानं उठून कडब्याची पेंढी सोडली आणि लाल कंधारीपुढं टाकली. ते त्याचं त्या वर्षातलं पहिलं शहाणपण.

तात्पर्य काय, तर जात गायीची नंतर बघा, आधी आपल्या दारातला चारा आणि पाणी बघा. गावानं बघावं म्हणून आणलेलं जनावर गाव पोसत नाही.