भूषणनं जर्मनी सोडली

"म्हणजे जर्मनी सोडू ना, बाबा?"

भूषण काळमेघनं हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. दमडूबाबा फाटक्या झोळीला टाका घालत बसले होते. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि सुई टोपीत खोवली.

"सोडली म्हणून तं गावभर सांगत फिरून रायला तू. आता मले काहून इचारतं?"

"तुमचा आशीर्वाद हवा. आज संध्याकाळपर्यंत कंपनीला उत्तर द्यायचं आहे."

बाबा झोळी उजेडात धरून टाका बघत राहिले.

भूषण गावातला पहिला इंजिनिअर. पुण्याच्या एका कारखान्यात सहा वर्षं काढली, तेवढ्यात त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली. कारखान्यानं त्याला जर्मनीतल्या मोठ्या प्लांटसाठी निवडलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात अमरावती रोडवरच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांनी मशिनरी सांभाळायला येता का म्हणून विचारलं होतं. जिनिंग घरापासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. एकीकडे विमान, दुसरीकडे आईच्या हातची भाकर.

भूषणनं भाकर निवडली. इथवर सगळं ठीक होतं. पण निवडल्यानंतर त्याच्या पोटात ती गोष्ट मावेना. पारावर सांगून झालं, सलूनमध्ये दाढीला साबण लावलेल्या तोंडानं सांगून झालं. लोक म्हणायचे, "धन्य ते मायबाप!" मग हा मान खाली घालून क्षणभर थांबायचा. कोणी पुन्हा म्हणतंय का, ते बघायला.

आता फक्त दमडूबाबांनी पाठ थोपटायची राहिली होती. बाबा गावाबाहेर मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या खोलीत राहत. भूषणला पाढे त्यांनीच शिकवले होते, आणि पोहायलाही. पोहायला म्हणजे विहिरीत ढकलून. म्हणून तो त्यांना गुरू मानायचा आणि थोडा भ्यायचाही.

"त्याग लय मोठा हाय बाप्पा," बाबा उठत म्हणाले. "उपाशीपोटी नाही समजायचा मले. चाल, माधुकरीले."

त्यांनी झोळी भूषणच्या खांद्यावर टाकली आणि पातळ कालवणासाठी कडीचा डबा त्याच्या हातात दिला.

"नेम ध्यानात ठेव. वाढणारीनं काय वाढलं, ते बोलायचं नाही. आपण काय घेतलं, ते बोलायचं नाही. दारात आपली कहाणी लावायची नाही. भाकर घ्यायची अन् पुढं चालायचं."

"सोपं आहे," भूषण म्हणाला.

बाबा हसले.

पहिलं घर सुभद्राकाकू लांड्यांचं. काकूंनी पदर सावरून झोळीत भाकर टाकली आणि दोन्ही हात जोडले. भूषण वळला... पण पाय काही निघेना.

"काकू, जर्मनी सोडली बरं का. आईबाबांसाठी."

काकूंचे डोळे भरून आले. भूषणचेही आले. बाबा तेवढ्यात अंगणातल्या मांजराशी बोलत होते.

दुसऱ्या दारात त्यानं तोंड घट्ट मिटून ठेवलं. पण उसासा असा काही टाकला की घरातली सून घाबरून म्हणाली, "काय झालं, भाऊजी?" आता विचारल्यावर सांगायला नको? त्यानं सांगितलं.

तिसऱ्या घरी बाजेवर एक म्हातारबाबा होते. त्यांना ऐकू कमी येई. त्यांना त्यानं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा ओरडून. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"तोंड मिटायचं ठरवलं होतं, बाबा," रस्त्यात तो ओशाळून म्हणाला.

"माणूस हाय. होते असं," बाबा म्हणाले. त्यांना मोठी मौज वाटत होती.

चौथ्या घरासमोर बाबा थांबले, तसा भूषण चपापला.

"हे तर आमचंच घर."

"व्हय. आज तू माग."

"आईपुढे? झोळी घेऊन?"

"झोळी खांद्यावर हाय तवर तुले घर नाही. माग."

भूषणनं इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला.

"माय... भाकर वाढ."

वेणूबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. लेकाला झोळीसकट दारात पाहून त्यांना आधी हसूच फुटलं. हसता हसता त्या आत गेल्या आणि भाकरी घेऊन आल्या. डब्यात त्यांनी पातोडीचा रस्सा ओतला. बेसनाच्या मसालेदार वड्या बघून भूषणच्या तोंडाला पाणी सुटलं.

ओसरीवर त्याचे वडील बसले होते. त्यांनी दुपट्टा तोंडावर दाबला होता. चेहरा लाल झाला होता आणि खांदे हलत होते.

"काय झालं हो याईले?" बाबांनी विचारलं.

"खोकला आला असन," वेणूबाई म्हणाल्या.

"मंग खोका ना लेकहो!"

"कसे खोकतीन?" वेणूबाईंनी हात कमरेवर ठेवले. "चार दिवस झाले, हा पोट्टा सांगून रायला का तुमच्यासाठी जर्मनी सोडली. तवापासून याईले खोकायची चोरी झाली. खोकलं का हा धावत येते, छातीले हात लावते, अन् म्हणते, बरं झालं मी गेलो नाही. माणसानं खोकावं का नाही?"

भूषणचं तोंड उघडंच राहिलं.

"अन् माह्यं आयका, बाबा. तीस वर्षं झाली सैपाक करून रायली. पण परवा आंबाडीच्या भाजीत मीठ जास्त पडलं, तं माही रातची झोपच उडाली. पोरगा जर्मनी सोडून आला अन् त्याच्या ताटात खारट भाजी! त्यानंबी गुमान खाल्ली. वरून हासला. तसं हासण्यापरीस त्यानं ताट फेकलं असतं तं बरं झालं असतं."

त्या हसत होत्या, पण बोलता बोलता त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"आई, मी तर तुमच्या सुखासाठी..."

"माधुकरी झाली," बाबा म्हणाले. "चाल."

ते वळल्याबरोबर मागून असा खोकला आला की ओसरीवरच्या चिमण्या उडाल्या.

पाचव्या घरी बाबा गेलेच नाहीत. नाल्याकाठच्या कडुनिंबाखाली बसले. झोळी उलगडली, भाकरी डब्यात कुस्करल्या, सगळ्या घरांचं एकात एक कालवलं आणि मोठमोठे घास घेऊ लागले.

भूषणचा घास हातातच होता.

"मी वाईट मुलगा आहे का, बाबा?"

"नाही. चांगला हायस. म्हणून तं लोकाईले जड झाला."

"मग राहू की जाऊ?"

"राह्य," बाबा म्हणाले. "खुशाल राह्य. पण एक पथ्य. आजपासून जर्मनी सोडली, हे कोणाले सांगायचं नाही."

"ते तर सगळ्यांना माहीत आहे."

"इसरतीन. तू इसरू दिलं तं. बापानं उद्या शिव्या घातल्या, तरी नाही. जिनिंगवाल्यानं अपमान केला, तरी नाही. लग्न झालं, बायको भांडली, तरी नाही. मरताना पोराईनं इचारलं, बाबा, तुमी आमच्यासाठी काय सोडलं? तरीबी नाही."

भूषणनं तसं जगून पाहिलं, मनातल्या मनात. वडील ओरडताहेत आणि तो गप्प. बायको रुसली आहे आणि तो गप्प. म्हातारा झाला आहे, आणि अजून गप्प.

"जमणार नाही," तो म्हणाला.

"मंग जाय जर्मनीले. त्यालेबी तेच पथ्य. फोनवर कधी म्हणायचं नाही, तुमच्यासाठीच तं इथं राबून रायलो."

भूषणनं तेही जगून पाहिलं. बर्फ, मोठी खोली, मोठं मशीन. रविवारचा फोन. फोनवर आई विचारते, जेवला का, आणि तो म्हणतो...

"तेपण नाही जमणार."

"मंग तुले जायचंबी नाही अन् रायचंबी नाही. तुले फक्त सांगायचं हाय."

भूषणला राग आला. त्यानं घास डब्यात टाकला आणि उठला. नाल्यापर्यंत गेला, एक दगड उचलून पाण्यात मारला, परत आला. बाबा जेवतच होते. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"बाबा..."

"हं."

"खरं सांगू?"

"बघ बापा. सवय नसन तं हळूहळू सांग."

"मले तिकडं जायचंच नव्हतं."

सहा वर्षांची इस्त्री एका वाक्यात मोडली. भूषणच्या ते ध्यानातही आलं नाही.

"मले इथंच करमते, बाबा. सकाळी बापासंगं ओसरीवर चहा घ्याले आवडते. आई हाका मारते ते आवडते. जिनिंगचं जुनं मशीन पायलं ना, तवाच वाटलं, याले मीच दुरुस्त करणार. पुण्यात मी दर शनिवारी एकटा रडलो. पण असं कोण सांगन? जर्मनी मिळाली अन् पोट्ट्याले आईजवळ करमते म्हणून गेला नाही, हे आयकून लोक हासतीन. म्हणून म्हटलं, त्यागच सांगू. त्यागाले कोणी हासत नाही."

एवढं बोलून तो धपकन खाली बसला. आता बाबा काय म्हणतील, या भीतीनं त्यानं डोळे मिटून घेतले.

काहीच ऐकू येईना. त्यानं एक डोळा उघडला. बाबा हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गाळत. ते बघून भूषणलाही हसू यायला लागलं. आधी थोडं, मग आवरेना. दोघं कडुनिंबाखाली असे हसले की नाल्यात म्हशी धुणारा माणूस काय झालं म्हणून वर आला. त्यालाही कोणी काही सांगितलं नाही.

मग भूषणला सपाटून भूक लागली. त्यानं डबा पुढ्यात ओढला.

"पथ्य पाळीन, बाबा. आता पाळायले आहेच काय? सोडलंच नाही काही," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "अन् आईले आजच सांगतो. भाजी खारट झाली होती."

"लगेच सांग. तिची झोप उडाली हाय."

जेवण झालं. भूषणनं फोन काढला, कंपनीला दोन ओळींत नकार लिहिला आणि पाठवून दिला. कारण लिहिलं नाही. छाती हलकी झाली होती. आभाळाकडे बघत तो तसाच आडवा झाला. आपल्या फजितीचं हसू अजून ओठांवर होतं. मग त्याची नजर बाबांकडे गेली. फाटकी बंडी, अनवाणी पाय, दुसऱ्यांच्या भाकरी. त्याला एकदम भरून आलं.

"मी तं ढोंगी निघालो, बाबा. पण तुमचं तसं नाही. तुमी खरंच सगळं सोडलं. एवढं मोठं भरलं घर, वाडवडिलांची पाटीलकी, चुलीपाशी दोन-दोन सैपाकिणी... तरुण वयात झोळी घेऊन निघाले. केवढा त्याग!"

दमडूबाबांनी डब्याच्या तळाशी राहिलेला रस्सा बोटानं निपटला, बोट चाटलं आणि मोठ्या समाधानानं ढेकर दिली.

"त्याग कायचा, लेका? मले लहानपणापासून दुसऱ्याच्याच घरचं जेवण गोड लागते."