जुईला काय काय चालत नाही

नदीच्या वळणावर वसलेल्या एका बाजारगावात मुकुंद आणि हेमा या नवराबायकोचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान छोटं, पण गिऱ्हाइकांची वर्दळ मोठी. हेमाचा हात इतका हलका, की नवरीचा चुडा भरायला पंचक्रोशीतल्या बायका तिच्याकडेच यायच्या. त्यांना जुई नावाची एकुलती एक मुलगी. वय वर्षं नऊ. आईबापांचा जीव तिच्यात असा गुंतलेला, की पोरीला शिंक आली तरी दोघं गिऱ्हाईक सोडून धावायची.

त्याला कारणही तसंच होतं. जुई दोन वर्षांची असताना तिनं दाण्याचं कूट घातलेली खिचडी चमचाभर खाल्ली होती. घटकाभरात पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घशात अडकला. तालुक्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला आणि निघताना बजावलं, "या मुलीला शेंगदाणा म्हणजे विष. आयुष्यभर दाण्यापासून लांब ठेवा. आणि घरीदारी, शाळेत, सगळ्यांना सांगून ठेवा."

आता बघा गंमत! डॉक्टरांचं निम्मं म्हणणं दोघांनी अगदी तंतोतंत पाळलं. घरातून दाणे गेले, कूट गेलं, शेंगदाण्याचं तेलसुद्धा गेलं. उरलेलं निम्मं मात्र त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं. परतताना एसटीत हेमा नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, याचा बोभाटा नको. मुलीची जात आहे. दुखणाईत म्हणून एकदा नाव झालं, की उद्या तिला करून कोण घेणार?"

मुकुंदनं मान डोलावली. पोरीला अजून उजव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालता येत नव्हती आणि यांना तिच्या बोहल्याची काळजी! काय म्हणावं अशा माणसांना?

जुई शाळेत जायला लागली आणि खरी पंचाईत झाली. त्या शाळेत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अंगतपंगत असायची. मुलं घरून डबे आणायची, पटांगणात गोल करून बसायची आणि एकमेकांच्या डब्यातलं खायची. शिवाय कुणाचा वाढदिवस, कुणाच्या बक्षिसाची पार्टी, हे वेगळंच. आता एकटे दाणेच वर्ज्य केले, तर कुणीही विचारणार, दाणेच का बरं? म्हणून हेमानं शक्कल लढवली. तिनं दाणे बाकीच्या दहा पदार्थांच्या आड लपवले. दहानं भागेना, तेव्हा दाण्यांसकट वीस केले.

"जिलबी खायची नाही, दात एका दिवसात गळतात. भजी खायची नाहीत, आवाज कायमचा जातो. परक्या घरचं दही खाल्लं तर अंगाला खवले येतात. केकनं डोळे जातात," असं करत करत ती पेढ्यावर, चकलीवर, चिंचेच्या गोळीवर यायची आणि शेवटी म्हणायची, "दाणे तर नाहीच नाही. दाण्यांनी जीव जातो."

रोज सकाळी वेणी घालताना जुईला ही वीस पदार्थांची यादी घडाघडा म्हणून दाखवावी लागे. एखादं नाव चुकलं, की वेणीला हिसका. वर्गाच्या कानडेबाईंना हेमानं एवढंच सांगितलं, "आमच्या जुईला बाहेरचं काही देऊ नका हं बाई. आम्हाला आवडत नाही." बाई मनात म्हणाल्या, असतात एकेक आईबाप सोवळ्यातले. त्यांनी पुढे विचारलं नाही, हेमानं सांगितलं नाही.

पंगतीच्या दिवशी जुई मांडीवर आपला डबा घेऊन बसायची. डब्यात दूधपोळी. इकडून थालीपिठाचा वास, तिकडून शिऱ्याचा. संध्याकाळी घरी आली, की मुकुंद तिला समोर उभी करायचा आणि म्हणायचा, "आ कर बघू. हं, आता श्वास सोड." वास घेऊन झाला, की तो बायकोकडे बघून समाधानानं मान हलवायचा. हेमा तर गिऱ्हाइकांपुढे मिरवायची, "आमची जुई कुणाच्या हातचं तीळभर खात नाही. वळणच तसं लावलंय आम्ही."

असंच एका शनिवारी हेमा मालनकाकूंच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. मालनकाकू म्हणजे गावातली निम्मी लग्नं जुळवणारी बाई. मुकुंद माल आणायला तालुक्याला गेला होता. एवढ्यात फोन वाजला. पलीकडे कानडेबाई होत्या, आणि त्यांना धड बोलवत नव्हतं.

"जुईच्या आई, आहात तशा बाजारातल्या दवाखान्यात या! जुईला श्वास घेता येत नाहीये!"

हेमा अनवाणी धावत सुटली. मागून एका हातात चार आणि दुसऱ्या हातात एक बांगडी घातलेल्या मालनकाकू.

दवाखान्यातल्या टेबलावर एक मूल पडलं होतं. तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. हेमानं बघितलं आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं, हे कुणाचं मूल? मग फ्रॉककडे लक्ष गेलं. बाई गं! नऊ वर्षं न्हाऊमाखू घातलेली आपली पोर आपल्यालाच ओळखू आली नाही!

डॉक्टर बॅटरी लावून घशात बघत होते. "आत काही अडकलेलं दिसत नाही. हिला दमा आहे का? खाण्यातलं काही सोसत नाही का? आई कोण? बोला लवकर!"

"डॉक्टर, हिला बाहेरचं काहीच चालत नाही असं घरचे म्हणतात," कानडेबाई रडत म्हणाल्या. "पण नेमकं काय, ते मला कधी सांगितलं नाही हो."

हेमानं बोलायला तोंड उघडलं. दारात अर्धा बाजार जमला होता आणि सगळ्यांच्या पुढे मालनकाकू उभ्या होत्या. हेमाची नजर पोरीवरून उचलली गेली आणि मालनकाकूंवर गेली. सांगायलाही लाज वाटते, पण झालं असंच. पोटची पोर डोळ्यांदेखत गुदमरत होती आणि तिची आई तिच्या लग्नाचा विचार करत होती! एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. पण तेवढाही श्वास जुईकडे नव्हता. तिचे ओठ निळे पडले.

"आग लागो त्या लग्नाला!" हेमा किंचाळली. "दाणे, डॉक्टर! शेंगदाणे! दोन वर्षांची होती तेव्हापासून सोसत नाहीत. आम्ही लपवलं हो, आम्ही लपवलं!"

तिचं वाक्य संपायच्या आत डॉक्टरांनी कपाट उघडलं होतं. मांडीत इंजेक्शन गेलं. बऱ्याच वेळानं जुईच्या छातीतून घरघर करत एक श्वास आत गेला. मग दुसरा.

हेमा भिंतीला टेकून मटकन खाली बसली. मालनकाकू तिच्याजवळ आल्या. त्यांच्या तोंडाला कधी फडकं नसे, आज तर नव्हतंच.

"अगं, मला भ्यालीस होय? दाणे न खाणारी सून आली म्हणून कुठलं घर बुडतं गं? मेलेल्या पोरीचं लग्न मात्र मला जुळवता येत नाही."

दुपारी मुकुंद येऊन पोचला. जुईनं डोळे उघडले, आणि भीती सरल्यावर आयांचं जे होतं तेच हेमाचं झालं. ती पोरीवर कडाडली.

"कार्टे, रोज घोकून घेत होते ना तुझ्याकडून? दाण्यांनी जीव जातो म्हणून सांगितलं होतं ना?"

जुईचा आवाज बसला होता. ती सावकाश बोलली. "तू सांगितलं होतंस, जिलबीनं दात गळतात. मी खाल्ली. नाही गळले. भज्यांनी आवाज जातो म्हणाली होतीस. भजी खाऊन दुसऱ्या दिवशी वर्गात मी कविता म्हटली. मग दही खाल्लं, केक खाल्ला. प्रत्येक पंगतीला एक, प्रत्येक वाढदिवसाला एक. येताना पेरूचं पान चावायचे, म्हणजे बाबांना वास येत नाही. एकोणीस झाले, आई. एकोणीसच्या एकोणीस खोटे निघाले. यादीत दाणेच उरले होते, म्हणून आज पंगतीत दाण्यांची चटणी खाल्ली. मला वाटलं, तेही तसंच असेल."

मुकुंद खुर्ची चाचपत बसला. दीड वर्ष तो त्या तोंडाचा वास घेत होता आणि त्याला पेरूच्या पानापलीकडे काही कळलं नव्हतं! हेमाच्या मनात आलं, पोरीनं आपल्याला फसवलं म्हणावं, तर फसवायची सुरुवात कुणी केली?

"बाकीचं मी रचलं होतं गं," ती कशीबशी म्हणाली. "दाण्यांचं तेवढं खरं होतं."

"मग तेवढंच सांगायचंस ना," जुई म्हणाली. "एकच सांगितलं असतंस तर ऐकलं असतं की मी!"

जुई छताकडे बघत पडून राहिली. मग तिनं विचारलं, "आई, शाळेमागच्या विहिरीत वाकून बघितलं की तोल जातो म्हणतेस, ते खरं की खोटं?"

हेमानं चमकून तिच्याकडे बघितलं. "का गं? असं का विचारतेस?"

"काही नाही. सोमवारी ते करून बघणार होते."

हेमानं पोरीचे दोन्ही हात गच्च धरले. "खरं आहे गं ते! देवाशप्पथ खरं आहे!" ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. जुई तिच्या तोंडाकडे नुसती बघत होती. त्या नजरेत पोरीचा विश्वास कुठेच दिसेना, तेव्हा हेमा हंबरडा फोडून रडली.

तात्पर्य: मुलांना धोका असेल तेवढाच सांगावा आणि कारणासकट सांगावा, खोटा धाक घालणाऱ्या आईबापांचं खरंसुद्धा मुलं मानत नाहीत, आणि त्यात दोष मुलांचा नसतो.