चंद्रीचा कोंडा

“...साबण झाला, रिठा झाला, लिंबू झालं. आता आणखी कशानं धुवू हिला, बाबा?”

एका हातात बादली, दुसऱ्या हातात दोर, अशा थाटात येसबा गावडे टेकडी चढून आला होता. मागे त्याची तट्टाणी चंद्री, अंग घासायला झाड शोधत. पाठीवर खवले, मानेवर खवले. आयाळीतून कोंडा गळायचा तो असा, की मागून चालणाऱ्यानं छत्री उघडावी.

दावलशा फकीर दर्ग्याच्या पायरीवर कांदा सोलत होता.

“धुतोस कधी?”

“सकाळ-संध्याकाळ! धुण्यात माझी कसूर नाही, बाबा. आमच्या घराची रीतच ती. देव पाठीवर बसायचा, तर जनावर कसं घासल्या ताटासारखं पाहिजे.”

यात खोटं काही नव्हतं. येसबाच्या साबणापायी वाघदऱ्याचा ओढा पांढरा झाला होता आणि त्यातले मासे शिंकत होते, असं पाहिलेले लोक सांगतात.

चंपाषष्ठीला खंडोबाचा मुखवटा मिरवायचा मान गावड्यांच्या घोडीचा. आजा गेला, बाप गेला, मान राहिला. पण पाटलानं चारचौघांत सुनावलं होतं, “येसबा, देवाला घोडी पाहिजे, कोंड्याचं पोतं नको. जत्रेपर्यंत हिचं अंग सुधारलं नाही, तर मान काळ्यांच्या घरच्या घोडीला.”

तेव्हापासून येसबाचा साबणाचा खर्च दुप्पट झाला. आणि इकडे फकिराचं म्हातारं तट्टू असं तुळतुळीत, की लोक त्याच्या कुशीत तोंड बघून फेटा बांधायचे.

“तुमच्या तट्टाला काय लावता, बाबा?”

“काही नाही.”

“मग धुता कशानं?”

“पाऊस आला तर धुतो.”

म्हातारा गुपित दडवतोय, येसबाला वाटलं. त्यानं पाय धरले.

फकीर उठला. चंद्रीच्या गळ्यातला दोर त्यानं काढून घेतला... बस, एवढंच.

चंद्री क्षणभर उभी राहिली. मग गुडघे मोडून खाली बसली आणि धुळीत लोळायला लागली. चारी पाय आभाळाकडे.

“अहो, अहो! आत्ता धुऊन आणलीय!”

येसबा बादली घेऊन धावला. फकिरानं ती त्याच्या हातातून घेतली, पाणी करवंदीच्या जाळीत ओतलं, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

“लोळू दे.”

“पण मळली ना!”

“मळली.”

फकीर पुन्हा कांदा सोलायला लागला.

चंद्री उठली, फुरफुरली, अंग झाडलं. टेकडीवर घटकाभर कोणाला कोणी दिसेना. धूळ बसल्यावर फकिरानं वाळल्या गवताचा बोळा वळून येसबाच्या हातात दिला.

“घास.”

“पाणी?”

“नको.”

“तेल?”

“नको.”

“एखादा मंत्र?”

“येत असला तर म्हण. घोडीची हरकत नाही.”

येसबा घासत राहिला. बोळा झिजला, दुसरा वळला. दंड भरून आले. धूळ उडाली, तिच्याबरोबर खवलेही उडाले. उन्हं कलता कलता खांद्यापाशी तळहाताएवढी कातडी चमकली. त्यानं बोट फिरवलं. बोट तेलकट झालं!

“बाबा! हे तेल कुणी लावलं?”

“तिचंच आहे. रोज ओढ्यात सोडत होतास ते.”

येसबानं बोळा खाली टाकला. धुतली की कोंडा, मळली की चकाकी? मग आज्यानं काय केलं, बापानं काय केलं? त्याच्या डोक्यात जातं उलटं फिरायला लागलं.

“म्हणजे... रोज लोळवू? रोज घासू?”

“रोज. आणि मूठभर जवस शिजवून घाल.”

“जत्रेपर्यंत सुधारेल?”

“ती सुधारेल.”

येसबानं दोर हातात घेतला, चार पावलं गेला, आणि परत आला.

“बाबा, सगळं ऐकतो. पण निदान जत्रेच्या सकाळी तरी खसखसून धुवू ना? देव बसायचाय वर. एवढा मान. लोक काय म्हणतील?”

फकिरानं बादली त्याच्या हातात दिली.

“धू की. आणि लोक भंडारा उधळायला लागले, की ओरडून सांग त्यांना... थांबा रे, घोडी आत्ताच धुतलीय!”